शोकातल्या प्रार्थनेचा कागद: ख्रिस्ती विलाप कसा लिहावा

घरातलं माणूस गेल्यावर प्रार्थनेला बसलं की बऱ्याच विश्वासणाऱ्यांच्या तोंडून एवढंच निघतं: ‘प्रभू, तुझी इच्छा.’ वाक्य खरं आहे. पण त्याच्या अलीकडचं कितीतरी बोलायचं राहून गेलेलं असतं आणि ते आत साचत जातं. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रडलो तर विश्वास कमी पडला असं लोकांना वाटेल, देवाला ‘का?’ विचारलं तर पाप लागेल, अशी धास्ती असते. पवित्र शास्त्रात मात्र नेमक्या याच राहिलेल्या बोलण्यासाठी प्रार्थनेचा एक अख्खा प्रकार आहे, तो म्हणजे विलाप. स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी सुमारे तिसरा हिस्सा विलापाचा आहे, शिवाय विलापगीत नावाचं ५ अध्यायांचं स्वतंत्र पुस्तक आहे. या प्रार्थनेला ठरलेला बांधा आहे, त्यामुळे ती शिकता येते आणि कुणालाही लिहिता येते. कवी असण्याची गरज नाही.

विलाप आणि कुरकुर यांत फरक आहे, आणि तो शब्दांच्या तिखटपणात नाही. बोलणाऱ्याचं तोंड कुणीकडे आहे, यावर तो ठरतो. अनुवाद या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात इस्राएल लोक आपापल्या तंबूत बसून देवाविषयी कुरकुर करतात. ते देवाबद्दल बोलतात, देवाशी नाही. स्तोत्रकर्ता त्यांच्याहून कडक शब्द वापरतो, पण थेट देवाच्या समोर उभा राहून. एवढं एक पाळलं की बाकी जवळजवळ सगळं बोलायला मोकळीक आहे.

आधी एक गाठ सोडवू

‘ख्रिस्ती माणसाने शोक करू नये’ असं म्हणणारे थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या ४:१३ चा आधार घेतात. ते वचन पूर्ण वाचा. ज्यांना आशा नाही अशा बाकीच्या लोकांसारखा खेद करू नये, असं पौल म्हणतो. ‘खेद करू नये’ एवढंच वाचून थांबलं की वचनाचा अर्थच उलटतो. पौलाने रडायला बंदी केलेली नाही. आशा असलेल्याचं रडणं वेगळं असतं, असं तो सांगतो. फिलिप्पैकरांस पत्रात तोच पौल लिहितो की एपफ्रदीत आजारातून वाचला नसता तर आपल्याला दुःखावर दुःख झालं असतं. स्तेफनाला पुरताना भक्तिमान लोकांनी मोठा शोक केला, हे प्रेषितांची कृत्ये ८:२ मध्ये नोंदलेलं आहे. आणि योहानाच्या शुभवर्तमानाच्या ११ व्या अध्यायात येशू रडतो. मरण पावलेला मित्र लाजर, त्याला आपण उठवणार आहोत हे त्याला निघण्यापूर्वीच माहीत होतं, ११ व्या वचनात तो तसं बोलूनही गेला आहे. तरीही ३५ व्या वचनात तो रडला. पुनरुत्थानाची खात्री आणि डोळ्यांतलं पाणी एकाच वेळी एकाच चेहऱ्यावर असू शकतं, याला यापेक्षा वेगळा पुरावा लागू नये.

मृत्यूला गोड म्हणण्याचीही सक्ती नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १५:२६ मध्ये मृत्यूला ‘शेवटचा शत्रू’ म्हटलेलं आहे. शत्रूने घर लुटलं असेल तर ते लुटलं असंच सांगायचं असतं.

केव्हा लिहावं

पहिल्या आठवड्यात लिहायला बसू नये. दफनविधी, येणारेजाणारे, कागदपत्रं, झोप नाही, अशात स्वतःचे शब्द सुचत नाहीत आणि ओढूनताणून आणले तर ते उसने निघतात. या दिवसांत उघडपणे उसनेच शब्द घ्यावेत. १३ वं स्तोत्र ६ वचनांचं आहे, मोठ्याने वाचायला मिनिटभर लागतो. सकाळी एकदा, रात्री एकदा वाचा. तेही जमत नसेल तर दुसऱ्याने वाचावं आणि तुम्ही नुसतं ऐकावं. रोमकरांस पत्र ८:२६ प्रमाणे शब्द नसलेलं कण्हणंही प्रार्थनेत धरलं जातं, म्हणून या काळात प्रार्थना होत नाही याची टोचणी लावून घेऊ नये.

लिहायची वेळ सहसा तिसऱ्या ते सहाव्या आठवड्याच्या आसपास येते. तोवर येणंजाणं थांबलेलं असतं, घर शांत होतं आणि खरी पोकळी कळू लागते. ही अंदाजाची वेळ आहे, कुणाला तीन महिने लागतात. वर्षानुवर्षं दाबून ठेवलेल्या दुःखाचा विलाप आज लिहिला तरी चालतो, त्याला मुदत नसते.

साधा कागद आणि पेन घ्या. फोनवर लिहिलं तर खोडलेलं दिसत नाही, आणि विलापात खोडलेली ओळही बोलकी असते. २५ मिनिटं ठरवा, घड्याळ लावा. झोपण्याआधीची वेळ टाळा, कारण वर आलेलं सगळं मग अंथरुणात सोबत येतं. सकाळ किंवा दुपार बरी, आणि नंतर तासभर तरी काही घाईचं काम नसावं. एकाच पानाच्या एका बाजूला मावेल इतकंच लिहायचं.

ही मर्यादा मुद्दाम ठेवलेली आहे. विलापगीताचे पहिला, दुसरा आणि चौथा हे अध्याय हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांवर बांधलेले आहेत, प्रत्येक वचन पुढच्या अक्षराने सुरू होतं. तिसऱ्या अध्यायात प्रत्येक अक्षराला तीन वचनं, म्हणून ६६. यरुशलेम उद्ध्वस्त झालेलं असताना कवी इतकी काटेकोर चौकट कशाला घेतो? कारण दुःखाला तळ सापडत नाही, पण वर्णमालेला शेवट असतो. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत सगळं सांगायचं आणि तिथे थांबायचं. पाचव्या अध्यायात वचनं २२ आहेत, अक्षरांचा क्रम मात्र सुटलेला आहे. मोकळं लिहिताना ज्यांचा तोल जातो त्यांनी ही युक्ती उचलावी: बरोबर २२ ओळी. किंवा गेलेल्या माणसाच्या नावाची अक्षरं घेऊन एकेका अक्षरावर दोन ओळी. चौकट धरून ठेवते, हे लिहिताना हाताला जाणवतं.

पाच भाग

विलापाचे भाग असे: हाक, तक्रार, मागणं, भरवसा आणि स्तुतीचं वचन. १३ व्या स्तोत्रात ते सरळ दिसतात. १ आणि २ या वचनांत हाक आणि तक्रार, ३ आणि ४ मध्ये मागणं, ५ व्यात भरवसा, ६ व्यात ‘मी गाईन’. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो. एकदा विचारून त्याचं भागलेलं नाही.

हाक एक-दोन ओळींची. देवाचं जे नाव तुमच्या तोंडात रोज असतं तेच वापरा. लहानपणी घरात ‘बापा’ म्हणून प्रार्थना होत असेल तर ‘बापा’. मोठमोठी विशेषणं जोडत बसलात तर बोलायचा धीर तिथेच खर्ची पडतो. २२ व्या स्तोत्राची हाक बघा, ‘माझ्या देवा, माझ्या देवा’. देवाने आपल्याला सोडलं असं वाटत असतानाही स्तोत्रकर्ता ‘माझ्या’ म्हणतो. वधस्तंभावर येशूने हेच शब्द उच्चारले (मत्तय २७:४६).

तक्रार हा सगळ्यांत मोठा भाग, निम्मा कागद तरी तिला द्या. इथे घाई करणारे सगळ्यांत जास्त चुकतात. तक्रारीत दोन गोष्टी हव्यात: काय घडलं आणि त्यात देव कुठे दिसला नाही. ‘मला फार दुःख होत आहे’ ही ओळ खरी असली तरी तिला हातात धरायला काही नाही. ‘त्याचा चष्मा अजून खिडकीत आहे’ या ओळीत सगळं आहे. वस्तू लिहा, दिवस लिहा, दवाखान्यातला तो वास लिहा, फोनमधला न पुसलेला नंबर लिहा. मग देवाला विचारायचं ते विचारा. ‘तू कुठे होतास?’ हे विचारायला स्तोत्रकर्ते घाबरलेले नाहीत. ४४ व्या स्तोत्रात तर ते देवाला ‘जागा हो, का झोपलास?’ असं म्हणतात.

मागणं तीन-चार ओळींचं आणि आजच्यापुरतं. ‘मला शांती दे’ म्हणण्यापेक्षा ‘आईला रात्री निदान चार तास झोप लागू दे’ हे मागणं बरं, कारण त्याचं उत्तर आलं की कळतं. इथे परंपरेप्रमाणे एक फाटा फुटतो. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स विश्वासणारे मृतासाठी प्रार्थना करतात, त्यांनी त्याला चिरशांती आणि प्रभूचा प्रकाश मिळावा हे इथेच मागावं. बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत मृतासाठी मागणं करत नाहीत. त्यांनी गेलेल्याच्या आयुष्यासाठी उपकार मानावेत आणि मागणं मागे राहिलेल्यांसाठी करावं. एकाच घरात दोन्ही असतील तर हा भाग प्रत्येकाने आपापला लिहावा, त्यावर वाद घालण्याची ही वेळ नव्हे.

भरवसा दोन ओळींत मावतो, आणि तो तुमच्या भावनेवर उभारायचा नाही. ‘मला आता बरं वाटतंय’ असं वाटत नसेल तर लिहू नका. देवाने काय केलं आहे ते लिहा. ७७ वं स्तोत्र अर्ध्यात येऊन वळतं ते याच रीतीने. कवीची स्थिती बदललेली नसते, तो फक्त इस्राएलासाठी समुद्रातून निघालेली वाट आठवतो. ख्रिस्ती माणसाकडे आठवायला रिकामी कबर आहे, बाप्तिस्मा आहे, प्रभुभोजनाचं मेज आहे. यांतली एकच गोष्ट निवडा.

या भागाची सुरुवात ‘पण’ने करू नका. आपल्या बोलण्यात ‘पण’ आला की आधीचं सगळं पुसलं जातं; ‘त्रास झाला, पण देव चांगला आहे’ यातला त्रास कुणी ऐकतच नाही. १३ व्या स्तोत्राच्या ५ व्या वचनात हिब्रूत ‘व-अनी’ असं आहे, म्हणजे ‘आणि मी’, ‘मी तर’. ‘मी तर’ने सुरुवात केली की तक्रार जागच्या जागी राहते आणि भरवसा तिच्या शेजारी येऊन बसतो.

हे दोन शब्दही निघत नसतील तर? मग ८८ वं स्तोत्र उघडा. १८ वचनं, आणि वळण कुठेच नाही. ते अंधारातच संपतं, शेवटचा हिब्रू शब्दच ‘अंधार’ आहे. तरीही ते स्तोत्रसंहितेत आहे, कुणी त्याला गोड शेवट चिकटवला नाही. तेव्हा भरवशाच्या जागी चार बोटं कागद कोरा सोडा आणि बाजूला तारीख घाला. तो कोरा भागही प्रार्थनेचाच आहे.

स्तुतीचं वचन भविष्यकाळात लिहायचं: ‘मी गाईन.’ आज गातोय असं दाखवायचं नाही.

लय

हिब्रू विलापकाव्यात ओळीचा पहिला तुकडा सहसा ३ ठोक्यांचा आणि दुसरा २ ठोक्यांचा असतो. जर्मन अभ्यासक कार्ल बुड्डे यांनी १८८२ मध्ये ही लय दाखवून दिली, तिला ‘किना’ म्हणतात. चालता चालता एक पाय आखूड पडावा तशी ती लंगडते. मराठीत मात्रा मोजत बसायची गरज नाही. एक ओळ लांब, दुसरी आखूड, इतकं केलं तरी श्वास अडखळल्यासारखा होतो आणि वाचणाऱ्याला रडायला जागा मिळते. नमुन्यादाखल रचलेला हा एक विलाप, भाऊ गमावलेल्या बहिणीच्या तोंडचा:

हे परमेश्वरा, माझ्या बापाच्या देवा,
तुलाच हाक मारतेय.

त्याचा चष्मा अजून खिडकीत आहे,
काचेवर बोटांचे ठसे.
पुसायला घेतला आणि परत ठेवला,
पुसवत नाही.
अकरा महिने आम्ही रोज रात्री मागत होतो,
तू ऐकत होतास ना?
शेवटच्या रात्री त्याला श्वास पुरत नव्हता,
तू कुठे होतास?

आईला रात्री डोळा लागू दे,
निदान चार तास.
मला त्याचं नाव घेता येऊ दे,
गळा न दाटता.

मी तर एवढंच धरून ठेवलंय:
लाजरासाठी तू रडलास.

एक दिवस मी पुन्हा गाईन,
आज नाही.

१८ ओळी आहेत, त्यांतल्या ८ तक्रारीच्या. भरवशाच्या दोन ओळींत आनंदाचा एकही शब्द नाही, तरी त्या भरवशाच्याच आहेत. पहिल्या खर्ड्यात चष्म्याच्या जागी ‘त्याच्या आठवणी घरभर आहेत’ असं लिहिलं असतं तर पुढचं ‘पुसवत नाही’ आलंच नसतं. वस्तू एकदा कागदावर आली की पुढची ओळ तीच ओढून आणते.

कुठे बिघडतं

सगळ्यांत नेहमीचा बिघाड म्हणजे देवाच्या वतीने स्वतःच उत्तर देऊन टाकणं. ‘तू का केलंस? नक्कीच काहीतरी चांगल्यासाठी केलं असशील.’ प्रश्न आणि उत्तर एकाच श्वासात आलं की प्रश्न विचारलाच गेला नाही. रोमकरांस ८:२८ चं वचन इथे हमखास आणलं जातं. त्याच्या सहाच वचनं आधी सगळी सृष्टी कण्हत आहे असं पौल लिहितो आणि दोन वचनं आधी आत्मा अनिर्वाच्य कण्हण्याने मध्यस्थी करतो असं म्हणतो. कण्हणं गाळून थेट २८ व्या वचनावर उडी मारू नये. प्रश्नचिन्ह घालून पुढच्या ओळीवर जा, उत्तर लिहू नका.

दुसरं, लिहिता लिहिता बोलणं देवाकडून गेलेल्या माणसाकडे वळतं: ‘दादा, तू का रे असा…’ हे स्वाभाविक आहे. राजा शौल आणि जिवलग मित्र योनाथान गेल्यावर दावीदाने गायलेल्या शोकगीतात (२ शमुवेल १:१९–२७) तो योनाथानाशी थेट बोलतो, आणि त्या गीतात देवाचं नाव एकदाही नाही. तेव्हा तसं लिहिण्यात काही वावगं नाही. पण ते मृताला निरोप देणारं शोकगीत झालं. त्यासाठी वेगळा कागद घ्या. दोन्ही एकात मिसळलं की देवाला विचारायचे प्रश्न मृताच्या गळ्यात पडतात आणि मग ते कुणालाच विचारले जात नाहीत.

तिसरं अपराधीपण. ‘मी तेव्हाच दवाखान्यात नेलं असतं तर.’ हे तक्रारीत घातलं की सगळा विलाप स्वतःवरच्या खटल्यात बदलतो. कागदाच्या मागच्या बाजूला ते वेगळं लिहा आणि दोन रकाने करा. जे खरोखर चुकलं, म्हणजे बोललेला कठोर शब्द, न केलेली भेट, ते एका रकान्यात. त्याची कबुली देता येते आणि क्षमा मागता येते. कॅथलिकांनी ते पापनिवेदनात न्यावं, इतरांनी पाळकांपाशी किंवा विश्वासू विश्वासणाऱ्यापाशी बोलावं. जे तुमच्या हातात नव्हतंच, जे नंतरच कळलं, ते दुसऱ्या रकान्यात. त्याला क्षमा लागत नाही, कारण तो गुन्हाच नव्हता. त्याला शोक लागतो. हे दोन रकाने वेगळे झाल्याशिवाय अनेकांचा शोक वर्षानुवर्षं एकाच जागी फिरत राहतो, म्हणून या पायरीला वेळ द्यावा.

चौथी अडचण, गेलेला माणूस विश्वासात नव्हता किंवा त्याने स्वतःचं जीवन संपवलं. अशा वेळी मागे राहिलेल्यांना विलाप करायचा हक्कच नाही असं वागवलं जातं, आणि ते फार चूक आहे. निकाल आपण लिहायचा नसतो. अब्राहामाने देवाला विचारलं होतं, सगळ्या जगाचा न्यायाधीश योग्य तेच करणार नाही काय (उत्पत्ती १८:२५). भरवशाच्या जागी तेवढा प्रश्न लिहिला तरी पुरतो. आत्महत्येने गेलेल्यांच्या चिरंतन तारणाविषयी निराश होऊ नये आणि चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करते, असं कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथात (क्र. २२८३) स्पष्ट लिहिलेलं आहे.

आणि एक चूक उलट्या बाजूची: फार सुंदर लिहिणं. यमक जुळवण्यासाठी खरी ओळ काढून टाकली जाते. तिसऱ्यांदा सुधारायला घेतलंत की थांबा.

मोठ्याने वाचणं

लिहून झालं की त्याच दिवशी एकदा एकट्याने, आवाज काढून वाचा. मनातल्या मनात वाचलेला विलाप अर्धाच होतो. आवाज जिथे अडतो ती ओळ खरी असते, तिथे थांबून तीच परत वाचा. सगळं सुरळीत वाचून झालं आणि कुठेच अडलं नाही तर तक्रारीचा भाग पुन्हा पाहा. बहुधा तिथे आठवणीऐवजी विशेषणं आली असतील.

कुटुंबात वाचायचं असेल तर ज्याने लिहिलं त्याला विचारूनच. उपासनेत वाचायचं तर पाळकांना आधी दाखवा आणि वाचायला दोन मिनिटांहून जास्त लागणार नाही असं बघा. वाचणारा शक्यतो दुसरा असावा आणि लिहिणारा शेजारी बसलेला. संपल्यावर निदान २० सेकंद शांतता. २० सेकंद मंडळीला फार वाटतात, म्हणून ज्याच्या हाती वेळ आहे त्याने मनात मोजावेत. लगेच उत्साहाचं गीत लावू नये, आणि उपदेशकाने त्या विलापाचा अर्थ समजावून सांगू नये. ऑर्थोडॉक्स दफनविधीत थडग्यापाशी रडत रडतच हालेलुया गातात. तिथे हालेलुया रडण्याच्या जागी येत नाही, रडण्यातूनच निघतो. हा क्रम आपल्याला बांधता येत नसेल तर गीत पुढच्या रविवारवर ठेवावं.

लहान मुलांकडून पाच भाग लिहून घेऊ नका. त्यांना तीनच वाक्यं द्या: ‘देवा, मला राग येतो की…’, ‘देवा, मला हवं आहे की…’, ‘देवा, मला आठवतं की…’ पुढचं ती भरतात. चित्र काढलं तरी चालेल. मूल म्हणेल ते सुधारू नये.

सोबत बसणाऱ्यांसाठी

लाजराच्या बहिणी मार्था आणि मरीया दोघी येशूला एकच वाक्य म्हणतात: आपण इथे असता तर माझा भाऊ मरता ना. मार्था योहान ११:२१ मध्ये, मरीया ११:३२ मध्ये. मार्थेशी येशू बोलतो, पुनरुत्थान आणि जीवन मीच आहे हे तिलाच सांगतो. मरीयेला तो यातलं काही सांगत नाही. तिला रडताना बघून व्याकूळ होतो, कबर कुठे आहे एवढं विचारतो आणि रडतो. वाक्य तेच, दुःख तेच, माणूस वेगळा. समोरचा मार्था आहे की मरीया, हे ओळखल्याशिवाय वचन उघडू नये. ओळखायची खूण सोपी आहे. मार्था आपण होऊन पुढचं वाक्य बोलते, मरीया पायांशी पडून थांबते. पुढचं वाक्य आलं तर बोला, नाही आलं तर नुसते बसा.

मुलंबाळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री जमिनीवर गप्प बसले, आणि तेवढं त्यांनी उत्तम केलं. शेवटी बोलायला सुरुवात ईयोबाने केली, मित्रांनी नाही. ते बोलू लागल्यावर बिघडलं, आणि ४२:७ मध्ये देव म्हणतो की माझ्याविषयी यथार्थ बोलला तो ईयोब, तुम्ही नाही. त्या सगळ्या कडवट तक्रारीनंतर देवाने दिलेला हा निकाल आहे.

म्हणून ‘देवाला तो जास्त आवडला’, ‘निदान त्रासातून सुटला’, ‘आता धीराने घ्या, मुलांकडे बघा’ ही वाक्यं ठेवून द्या. विलाप लिहिणाऱ्याला मदत करायची तर दोनच प्रश्न पुरतात: ‘घरातली कुठली वस्तू अजून हलवली नाहीस?’ आणि ‘देवाला काय विचारायचं आहे?’ तो बोलेल ते त्याच्याच शब्दांत उतरवून घ्या. ज्याला लिहिता येत नाही किंवा हात थरथरतो त्याच्यासाठी असं बसणं हे मोठं काम आहे.

विलाप पुरत नाही तेव्हा

प्रार्थना उपचाराच्या जागी वापरू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात दीर्घकाळ टिकणाऱ्या शोकविकाराचं निदान कमीत कमी ६ महिन्यांनंतर करतात. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०२२ च्या निकषांत प्रौढांसाठी हा काळ १२ महिन्यांचा आहे. इतक्या काळानंतरही जवळजवळ रोज ओढ तितकीच तीव्र असेल, मृत्यू झालाच नाही असं वाटत असेल, नोकरी, घर, माणसं यांतलं काहीच सांभाळता येत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. आपलंही जीवन संपवावं असा विचार मनात आला तर कुठल्याही मुदतीची वाट बघायची नाही, त्याच दिवशी कुणाला तरी सांगायचं आणि डॉक्टर गाठायचा. पाळकांपाशी जाणं आणि डॉक्टरांकडे जाणं यांत विश्वासाची निवड नसते.

कागदाचं पुढे काय

विलापाच्या कागदावर तारीख घालून तो पवित्र शास्त्रात १३ व्या स्तोत्रापाशी ठेवा. जाळू नका, फाडू नका. मोशेसाठी इस्राएलाने ३० दिवस शोक केला आणि मग ते रडण्याचे दिवस संपले, असं अनुवाद ३४:८ सांगतं. दिवस मोजण्याची ही रीत मंडळीनेही आपापल्या तऱ्हेने ठेवली आहे. ऑर्थोडॉक्स परंपरेत तिसरा, नववा आणि चाळिसावा दिवस, कॅथलिकांत तिसरा, सातवा, तिसावा आणि २ नोव्हेंबरचा मृतांचा स्मरणदिन. तुमच्या मंडळीत जो दिवस पाळतात त्या दिवशी कागद काढा. असा दिवस नसेल तर गेलेल्याचा वाढदिवस घ्या. पुण्यतिथीला लोक आठवण काढतात, वाढदिवसाला बहुधा घरचेच एकटे असतात.

काढल्यावर जुना कागद दुरुस्त करायचा नाही. आधी तो वाचा, मग त्याच पाच भागांत नवा लिहा. कोरी सोडलेली चार बोटं भरली का, मागितलेले चार तास मिळाले का, हे बाजूला नोंदवा. विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायात देवाची दया रोज सकाळी नवी होते ही सुंदर वचनं २२ आणि २३ वर येऊन जातात, आणि ५४ व्या वचनात पाणी पुन्हा डोक्यावरून जातं. तेव्हा दुसऱ्या कागदात तक्रार पहिल्याहून लांबली तर घाबरू नका. जो प्रश्न अजून तसाच उभा आहे तो शब्दही न बदलता नव्या कागदावर उतरवा, आणि खाली आजची तारीख घाला.